प्रचितगडाच्या पाठीमागचं गाव

प्रचितगडावर पडणारा पाऊस दोन समुद्रांना जातो. पश्चिमेच्या कड्यावरून जो खाली कोसळतो, तो शास्त्री नदीला मिळतो, संगमेश्वरावरून जयगडच्या खाडीत जातो आणि अरबी समुद्रात संपतो. पूर्वेच्या उतारावर जो पडतो, तो वारणेचा होतो. वारणा चांदोलीच्या धरणात थांबते, तिथून सुटली की सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते आणि कृष्णेच्या पाठीवर बसून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. हे मला भूगोलाच्या पुस्तकात पुढं कधीतरी भेटलं. त्याआधी आजानं ते एका वाक्यात सांगितलं होतं. "धारेवर हुबा ऱ्हाऊन तांब्या उपडा केलास, तर निम्मं पानी कोकनात जातंय आन् निम्मं देशावर."

आमचं गाव ह्या धारेच्या पूर्वेला, म्हणजे देशाच्या अंगाला होतं. वारणेच्या अगदी वरच्या खोऱ्यात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. चांदोलीच्या जंगलातून उठलेली बत्तीस गावं आहेत, आणि त्यातल्या कुणीही हे वाचताना आपल्या गावाचं नाव घालून वाचावं. फारसा फरक पडणार नाही. घरं तशीच, देव तसाच, पाऊस तसाच आणि उठून जाण्याची तऱ्हाही तशीच.

प्रचितगडाविषयी आजवर जे काही वाचलं, ते कोकणाच्या बाजूनं लिहिलेलं आहे. त्यात चूक काही नाही, कारण गडाचं तोंड कोकणाकडंच आहे. खाली शृंगारपूर, रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातलं. तिथून वर बघितलं की मान मोडते. गड सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून थोडा सुटा झालेला आहे, मधे खिंड आहे, आणि शेवटच्या टप्प्याला आता लोखंडी शिडी लावलेली आहे. वर देवीचं देऊळ, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि गंजत पडलेल्या तोफा. एवढ्या अवघड जागी तोफा कुणी आणि कशा चढवल्या, हा प्रश्न वर येणाऱ्या प्रत्येकाला पडतो. आजाचं उत्तर ठरलेलं होतं, "मानसांनी. दुसरं कोन चढवनार?"

शृंगारपूर ही सुर्व्यांची जागा. ते विजापूरच्या आदिलशाहीचं मांडलिक घराणं. डोंगराच्या पायथ्याशी, घाटवाटांच्या तोंडाशी बसलेलं. घाटवाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात जकात, हा त्या काळचा साधा हिशेब होता. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी केली आणि तिथून ते दक्षिण कोकणात उतरले. संगमेश्वरात त्यांनी तानाजी मालुसरे आणि पिलाजी नीलकंठ यांना फौजेसह ठेवलं. सूर्यराव सुर्व्यांच्या माणसांनी त्यांच्यावर रात्री छापा घातला. परमानंदाच्या शिवभारतात हा प्रसंग आहे. पिलाजी घाबरून पळायला लागला, तेव्हा तानाजीनं त्याला धरून दोरानं दगडाला बांधलं आणि स्वतः लढत राहिला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आम्हा पोरांना तानाजीपेक्षा त्या दगडाला बांधलेल्या पिलाजीचंच जास्त वाटायचं. त्याच एप्रिलात महाराज शृंगारपुरावर आले. सूर्यराव पळून गेला. शृंगारपूर स्वराज्यात आलं आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला हा डोंगरही आला.

पुढं शृंगारपूर शिर्क्यांमुळं राजघराण्याशी जोडलं गेलं. पिलाजीराव शिर्क्यांची मुलगी येसूबाई संभाजी महाराजांना दिली आणि शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवर गणोजी शिर्क्यांना. महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर गेले, त्या वेळी संभाजीराजे शृंगारपुरात राहिले. त्यांची मुलगी भवानीबाई इथंच १६७८ साली जन्माला आली. 'बुधभूषण' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ ह्याच मुक्कामातला, असं मानतात. आणि ह्याच खोऱ्यात, शृंगारपूरपासून फार लांब नसलेल्या संगमेश्वरात, १६८९ च्या फेब्रुवारीत मुकर्रबखानानं त्यांना पकडलं. खान कोल्हापूरच्या बाजूनं, सह्याद्री उतरून आला होता. ज्या डोंगरावर भरवसा ठेवला, त्याच डोंगरातनं वैरी खाली आला. आमच्याकडं म्हातारी माणसं ह्यावर एवढंच म्हणायची, "वाट कुनाची नसती. चालंल त्याची."

त्यानंतर पुस्तकं भराभर चालतात. १८१८ साली पेशवाई बुडाली, सह्याद्रीतले गड इंग्रजांच्या ताब्यात गेले, त्यात प्रचितगडही गेला. इथं बहुतेक ठिकाणी पूर्णविराम येतो. मग एकदम 'आज गडावर काय पाहाल' हा मजकूर सुरू होतो.

मधली पावणेदोनशे वर्षं कुठं गेली? गडावर शिबंदी नव्हती, पण डोंगराखाली माणसं होती. डोंगराचा खरा वापर त्यांनीच केला. त्यांचं कुणी लिहिलं नाही, कारण त्यांनी कुणाशी लढाई केली नाही.

त्या माणसांचं मला जेवढं माहीत आहे, ते असं.

गड पडला तरी वाट पडली नाही. शृंगारपुराकडून वर येणाऱ्या एका वाटेला रेडेघाटच म्हणतात. रेड्यांच्या पाठीवर गोण्या टाकून माल चढायचा, म्हणून ते नाव. कोकणातून वर यायचं ते मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी. वरून खाली जायचं ते नाचणी, तूप, घोंगडी, गूळ, मिरची. मोटाररस्ते झाले, दुसऱ्या घाटांतून गाड्या धावायला लागल्या, तशी ही वाट ओस पडत गेली. पण मीठ मात्र आमच्या घरात आजाच्या उमेदीपर्यंत खालूनच यायचं. पहाटे निघायचं, धार उतरायची, खाली ओळखीच्या घरी भाकरी खायची, मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी ओझं घेऊन वर. पावसाळ्यात चार महिने वाट बंद. म्हणून मिरगाच्या आधी मिठाचं मडकं भरलेलं आहे की नाही, हे घरातली बाई आधी बघायची, धान्याची कणगी नंतर.

सोयरीकही ह्या वाटेनंच चालायची. माझी आजी कोकणातली. ती वर आली ती ह्याच घाटानं, चालत. तिचं बोलणं शेवटपर्यंत दोन्हीकडचं राहिलं. भांडताना देशावरचं आणि रडताना कोकणातलं. माहेरी जायचं म्हटलं की ती धारेपर्यंत जायची आणि कधीकधी तिथूनच परत यायची. "घर दिसलं. झालं," म्हणायची. वरून तिला शास्त्रीचं खोरं दिसायचं. तिचं घर खरंच दिसत होतं का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

शेती डोंगरउताराची. खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरी. राब भाजायचा, पेरायचं आणि मग रात्री माळ्यावर बसून राखण करायची. डुकरं येत, गवे येत. गव्यांचा कळप नाचणीत शिरला की सकाळी रानात फक्त खुरांचे खळगे उरत. हिवाळा सरला की हिरडा गोळा करायचा, वाळवायचा आणि बाजारात न्यायचा. घरात रोख पैसा दिसायचा तो हिरड्याचा, नाहीतर मुंबईच्या मनिऑर्डरीचा. कारण ह्या खोऱ्यातल्या घराघरातून एक तरी माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत, बाजारात ओझी उचलायला गेलेला असायचा. आधी मिठाची ओझी वाहणारी माणसं, पुढं मुंबईत गाठोडी वाहायला गेली. ओझं बदललं, पाठ तीच.

मी गडावर पहिल्यांदा गेलो तो आजाबरोबर, दहाएक वर्षांचा असताना. झाडीतून सड्यावर आलो. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, पावसात फुलांनी भरणारं आणि उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं. सड्याच्या टोकाला गेल्यावर पायाखाली एकदम कोकण. आजानं मला मागून सदऱ्याला धरून ठेवलं होतं. गडावर जाऊन त्यानं तोफांकडं बघितलंसुद्धा नाही. टाक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायला, देवीपुढं नारळ फोडला आणि मग एकेक जागा बोटानं दाखवत गेला. ती वाट शृंगारपूरची, ती खिंड धनगरांची, त्या झाडाखाली ओझं टेकायचं, त्या ओघळात चैतातबी पाणी असतंय. त्याच्या बोलण्यात सुर्वे, शिर्के कुठंच नव्हते. त्याचा इतिहास पाणी कुठं आहे आणि ओझं कुठं टेकता येतं, ह्याचा होता.

सत्तरच्या दशकात वारणेवर चांदोलीला धरण बांधायला सुरुवात झाली. मातीचं मोठं धरण. त्यात ३४ टीएमसीच्या वर पाणी मावतं. त्या पाण्याला नाव दिलं वसंतसागर. खालच्या अंगाची गावं पाण्यात गेली आणि त्यांचे धरणग्रस्त झाले. आमचं गाव वर असल्यानं पाणी आमच्यापर्यंत आलं नाही. आम्ही वाचलो, असं सगळे म्हणाले. पण खालची गावं उठल्यावर आमचा बाजार उठला, दवाखाना उठला, वाट पाण्याखाली गेली. मग १९८५ साली धरणाभोवतालचं जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं. पाणी टिकायचं तर वरचं जंगल टिकलं पाहिजे, हा त्यामागचा विचार, आणि तो विचार खोटा नाही. ह्या पट्ट्यात पडतो तसा पाऊस महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी पडतो. शेजारच्या पाथरपुंजचं नाव अलीकडं राज्यात सगळ्यात जास्त पाऊस म्हणून पेपरात येतं. तो पाऊस जिरवायला झाडंच लागतात.

फक्त त्या झाडांत आम्ही बसत नव्हतो. अभयारण्य झाल्यावर राब भाजायला बंदी, हिरड्याला बंदी, घराला नवा वासा घालायचा तरी परवानगी. आम्ही त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी उठलो. गाव एका दिवशी उठलं नाही. आधी पाच घरं गेली, मग शाळा बंद झाली, मग पोरं असलेली घरं गेली, शेवटी म्हातारी माणसं उरली. आजा त्यातला. त्यानं घराची कौलं स्वतः उतरवली, एकेक पुसून, आणि ट्रकमध्ये रचली. नव्या जागी ती कधी चढली नाहीत. तिथं पत्र्याचं छप्पर होतं.

नवी जागा उसाच्या पट्ट्यात, सपाटीवर. तिथं आम्ही आमच्या जुन्या गावाचंच नाव पाटीवर लिहिलं. पण आजूबाजूची माणसं अजून त्याला 'वसाहत' म्हणतात. "कुठला रे तू?" "वसाहतीतला." पोरींच्या सोयरिकी जमवताना हा शब्द आडवा येतो. जमीन मिळाली ती कुणाला लवकर, कुणाला उशिरा, कुणाला खडकाळ, कुणाला पाणी नसलेली. काहींना मिळायची राहिलीच. त्यापायी वडिलांनी एका कचेरीत किती हेलपाटे घातले, त्याचा हिशेब आमच्या घरात चपलांच्या जोडात करतात. आम्ही मागण्या घेऊन बसलो, उन्हात बसलो, पावसात बसलो. त्या बैठकांत एकदा एका साहेबानं विचारलं होतं, "तुम्ही तिथं पिढ्यान् पिढ्या राहात होता, ह्याला पुरावा काय?" सात-बारा दाखवला. तो तीन पिढ्यांचा. त्याच्या मागचं काय, ह्यावर सगळे गप्प. सुर्व्यांना शिवभारत आहे, शिर्क्यांना बखरी आहेत. मीठ वाहणाऱ्याला काय असणार?

त्या दिवसापासून मी लिहून ठेवायला लागलो. आईला बसवून एकेक नाव विचारतो. शेतांची नावं, ओढ्यांची, टेपांची, पाणवठ्यांची. कुठली वाट कुणाच्या दारावरनं जायची. कारवी कुठल्या साली फुलली होती आणि त्या साली कोण जन्मलं. कारवी सात वर्षांनी फुलते, त्यामुळं आमच्याकडं पोरांची वयं कारवीवरनं मोजायचे. आतापर्यंत एकशे चाळीसच्या वर नावं झाली. सरकारी नकाशावर त्यातली दोन-तीनच आहेत. आई ऐंशीच्या पुढं गेली आहे. तिच्या वयाची गावात चारच माणसं उरली आहेत, आणि ती चौघं एका ओढ्याच्या नावावरून अजून भांडतात. भांडतात तोवर बरं आहे.

२००४ साली अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, चांदोली राष्ट्रीय उद्यान, ३१७ चौरस किलोमीटरचं. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा ठरवल्या, त्यात चांदोलीचंही नाव आलं. २०१८ साली जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, तेव्हा वसाहतीतल्या पोरांनी तो फोटो मोबाईलवर फिरवला, "आपल्या गावात वाघ आला!" म्हणत. ज्या पोरांनी गाव बघितलं नाही, ती ही पोरं. आईला फोटो दाखवला. तिनं बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "येऊ दे की. आपुन न्हाई तर कुनीतरी नांदतंय."

जंगल माजलं आहे, हे खरं. खाचरांत आता झाडं उभी आहेत. ते बघून मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं. आम्ही तिथं असतो तर वाघ आला नसता, असं काही जण म्हणतात. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात वाघ होताच, असं म्हातारी माणसं म्हणतात. ह्या दोन बोलण्यांचा निकाल मी लावणार नाही. मला एवढंच दिसतं, की जंगल राखायचं म्हणून जी किंमत पडली, ती वाटून घेतली गेली नाही. पाणी सगळ्यांनी घेतलं. ऊस सगळ्या खोऱ्यानं पिकवला. गाव मात्र बत्तीस जणांचंच गेलं.

वर्षातून एकदा जत्रेला आम्ही जातो. अर्ज करावा लागतो, नावांची यादी द्यावी लागते, नाक्यावर आधार कार्ड दाखवावं लागतं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर यावं लागतं. देवाची मूर्ती आम्ही नव्या जागी नेलेली आहे, चांगलं सिमेंटचं देऊळ बांधलं आहे. तरी आई म्हणते, "मूर्ती आनली. देव तितंच हाय." मागल्या जत्रेला नाक्यावरच्या तरुण पोरानं तिला विचारलं, "आजी, कुठून आलात?" ती म्हणाली, "मी कुठनं आली? मी हितलीच. तू कुठनं आलास, ते सांग." पोरगं हसलं आणि त्यानं तिला बसायला खुर्ची दिली. चांगला पोरगा होता. विदर्भातला होता. त्याचंही गाव लांबच.

शहरातून गड बघायला येणारी माणसं आता बरीच आहेत. बहुतेक जण शृंगारपुराकडनं चढतात. परवानगी घेऊन, वाटाड्या घेऊन यावं. वर मुक्काम करता येत नाही. तोफा बघाव्यात, टाकी बघावीत, खाली उतरलेली शास्त्री बघावी. संभाजीराजांची आठवण काढावी, ती काढलीच पाहिजे. आणि मग एकदा पूर्वेकडं तोंड करून उभं राहावं.

तिकडं सगळं हिरवं दिसेल, अखंड. त्या हिरव्यात नीट बघितलं तर कुठंकुठं आंब्याची, फणसाची झाडं एका रांगेत असतात. एवढ्या दाट रानात ती रांगेत आपोआप येत नाहीत, कुणीतरी लावलेली असतात. उतारावर पायऱ्यापायऱ्यांच्या खुणा दिसतात, ती खाचरं. एखाद्या ठिकाणी चार दगडांचं जोतं असतं आणि जोत्यात पुरलेलं उखळ. ते गडाच्या यादीत नाही. पण गड सुटल्यावर दोनशे वर्षं ह्या डोंगराच्या वाटा ज्यांनी चालत्या ठेवल्या, त्यांची तेवढीच निशाणी उरली आहे. तिथं जाता येणार नाही, लांबूनच बघावं लागेल. आमची म्हातारी माणसंही आता लांबूनच बघतात.

आमच्या उखळाजवळ जांभळाचं झाड आहे. आईनं सांगितलेल्या नावांच्या यादीत त्या जागेचा नंबर पहिला आहे.